राजाचा गुप्त हुकूम

राजा धैर्यराजाने स्वतःच्या हाताने लिहिलेला हुकूम राजालाच वाचता येईना!

झालं असं. मिरवणुकीत हत्तीने सोंड मागे वळवून राजाच्या गळ्यातला हार ओढला आणि खाऊन टाकला. लोक हसले. राजाने रागाच्या भरात खंडू माहुताला कोठडीत टाकलं आणि त्याचं पुढे काय करायचं ते गुप्त लिपीत लिहून ठेवलं. दरबारातली गोष्ट बाजारात फुटते, म्हणून ही लिपी त्याने स्वतःच शोधली होती. 'क'च्या जागी मासा, 'म'च्या जागी विळा, असं काहीबाही. कोणती खूण कोणत्या अक्षराची, तो तक्ता चोराला सापडू नये म्हणून चुलीत घातला. मग गेला शिकारीला. परतला तोवर राग निघून गेला होता, आणि रागाबरोबर लिपीही! फाशी लिहिली की सुटका, तेही आठवेना. लिहिताना तीनदा मन बदललं होतं.

माझं अक्षर मलाही लागत नाही म्हणा, पण मी कुठे राज्य चालवते?

दिवाणजी म्हणाले, दुसरा हुकूम लिहावा. राजा ऐकेना. लिहिलं ते लिहिलं, तेच होणार. कोणीही वाचावं, पण चुकीचं वाचलं तर पाठीवर फटके. पंडित आले, मासे-विळे पाहून घरी गेले. खंडू कोठडीतच.

शेवटी त्याची बायको भिवरा दरबारात उभी राहिली. म्हणाली, मी वाचते.

"शिकलीस किती?" राजाने विचारलं.

"पंतोजींच्या शाळेच्या भिंतीला गोवऱ्या थापल्यात, महाराज. विद्येशी तेवढाच संबंध."

दरबार हसला. तिने कागद हातात घेतला.

"बाई, कागद उलटा धरलाय," दिवाणजी म्हणाले.

"सुलटा कसा ते सांगा, तसा धरते."

दिवाणजी मान तिरकी करून कागदाकडे बघायला लागले. भिवराने घसा खाकरला आणि वाचलं, "हार हत्तीने खाल्ला. माहुताला सोडून द्यावं."

"मी असं लिहिलेलंच नाही," राजा म्हणाला.

"मग काय लिहिलंय ते वाचून दाखवा. एक अक्षर वेगळं निघालं तर फटके खाते."

राजाने कागद घेतला. आडवा धरला, उभा धरला, उजेडाला नेला. कान लाल झाले.

"खरं सांग, तुला वाचता येतं?"

"मला माझं नावसुद्धा वाचता येत नाही, महाराज. पण या कागदापुरती मी तुमच्याइतकीच शिकलेली आहे."

राजा हसला, इतका की मुकुट मांडीवर आला. सगळ्यांपासून लपवायला निघालो आणि स्वतःलाच फसवून बसलो, म्हणाला. खंडूला त्याच घटकेला सोडलं.

निघताना भिवरा थबकली. कागदाकडे पुन्हा निरखून बघत म्हणाली, "महाराज, खाली एक ओळ राहिली की. माहुताच्या बायकोला दुभती म्हैस द्यावी."

राजाने झडप घालून कागद ओढून घेतला. "म्हैस दिली! पण बाई, पुढची ओळ वाचू नकोस, नाहीतर माझी गादी जायची!"