केरबा पेंटर आणि विनंती थांबा

गाव होतं बोरखिंड, आणि त्या गावात एक भोळा पेंटर होता. भोळा म्हणायचं ते सभ्यपणानं. गावात त्याला दुसरा शब्द होता, पण तो पोरांसमोर सांगण्यासारखा नाही. नाव त्याचं केरबा.

खरं तर पेंटर होती त्याची हौसाआत्या. तिनं कुठल्या शाळेत कुंचला धरला नव्हता. बैलगाड्यांवर वाघ काढता काढता ती अक्षरं काढायला लागली, आणि पंचक्रोशीतलं एक दुकान तिच्या हाताशिवाय उघडेना. शहरातले शिकलेले चित्रकार यायचे, तिच्या पाट्या बघायचे, "लोककला, लोककला" म्हणायचे आणि पाटीवर लिहिलेलं न वाचता चुकीच्या दारात शिरायचे.

गावातल्या सात मुली दहावीला होत्या. शाळा टाकळीला, दोन कोस लांब. लाल गाडी रोज गावातूनच जायची, पण थांबायची नाही. मुलींच्या तोंडावर धूळ उडवून पुढं निघून जायची. आत्यानं अकरा अर्ज केले. अक्षर इतकं देखणं की एसटीच्या कचेरीत अर्ज हातोहात फिरले, सगळ्यांनी बघितले, वाचला कुणीच नाही. बारावा अर्ज तिनं मुद्दाम घाणेरड्या अक्षरात लिहिला. पंधरा दिवसांत उत्तर आलं. बोरखिंडीला विनंती थांबा मंजूर. पाटी गावानं लावावी. अमुक सोमवारी साहेब स्वतः गाडीत बसून येतील. गाडी थांबली तर थांबा कायम, नाही थांबली तर कायमचा रद्द.

आणि त्याच दिवशी आत्या शिडीवरून पडली. उजवा हात प्लास्टरात.

"पंधरा दिवस आहेत," आत्या म्हणाली. "तोवर केरबाचा हात बसवते."

"कुठं बसवू, आत्या?"

"माझ्या डोक्यावर!"

केरबानं बसवला.

पहिलं काम आलं गिरणीचं. केरबानं पाटीवर मालकाचं नाव घातलं, मालकाच्या वडिलांचं घातलं, ज्वारी, बाजरी, नाचणी, हळद, मिरची घातली, गिरणी कधी चालू, कधी बंद, कधी दुरुस्त हेही घातलं. बोटभर कोपरा उरला होता. तिथं एक चिमणी बसवली.

गिरणीवाला म्हणाला, "अरे, ही पाटी हाय का पंचांग? गिऱ्हाईक वाचस्तोवर दळण जुनं हुईल!"

आत्या म्हणाली, "मेल्या, जागा सोडावी. अक्षराला श्वास घ्यायला जागा लागते. मनाशी खूणगाठ बांध."

केरबानं मन शोधलं. सापडलं नाही. म्हणून खांद्यावरच्या पंच्याच्या टोकाला एक गाठ मारली.

दुसरं काम डॉक्टरांचं. एकच शब्द लिहायचा होता, दवाखाना. केरबानं पंच्याची गाठ चाचपली आणि जिथं जमेल तिथं जागा सोडली. सकाळी लोकांनी वाचलं, "दवा खा ना."

बायकांना गहिवरून आलं. "एवढा शिकलेला माणूस, पण बघा कसा गयावया करतो. खातो हो, डॉक्टर, खातो." घरी पडून असलेल्या सगळ्या जुन्या गोळ्या एका दिवसात संपल्या. दुसऱ्या दिवशी अर्धं गाव दवाखान्यात, पोट धरून.

आत्या म्हणाली, "जागा शब्दाच्या बाहेर सोडतात रे, पोटात नाही! आणि सगळं एकाच मापाचं काय काढतोस? महत्त्वाचं ते मोठं, बाकीचं बारीक. महत्त्वाचं काय, ते आधी मालकाला विचारावं. बांध खूणगाठ."

केरबानं दुसरी गाठ मारली.

तिसरं काम सरपंचांचं. त्यांचा वाढदिवस होता आणि चावडीवर त्यांचा रंगीत फलक लागणार होता. केरबा विचारायला गेला तेव्हा सरपंचांपुढं दहाबारा माणसं बसलेली.

"सरपंच, महत्त्वाचं कोण?"

सरपंचांनी माणसांकडं बघून हात जोडले. "जनता! मी कोण? मी तर जनतेच्या पायाची धूळ."

"धूळ म्हणजे केवढी?"

"अरे, कणभर!"

माणसांनी टाळ्या वाजवल्या. केरबा घरी गेला आणि दोन दिवस बसून त्यानं अख्खं गाव काढलं. जनता वितीवितीची, नाकाडोळ्यांसकट. रखमाकाकूची म्हैससुद्धा. आणि जनतेच्या टाचेखाली एक तपकिरी ठिपका. ठिपक्याकडं बाण, बाणावर "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा."

सरपंच फलकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वतःला शोधत फिरले. शेवटी त्यांच्या बायकोनं बोट दाखवलं. "हे काय, हितं. हुबेहूब आलंय."

सरपंच आत्याच्या दारात येऊन बरंच बोलले. त्यात जनतेचा उल्लेख एकदाही नव्हता.

आत्या म्हणाली, "लोक तोंडानं एक सांगतात, मनात दुसरं असतं. ऐकणं सोड, डोळे उघड. टाकळीला जा. चार चांगल्या पाट्या बघ, आवडेल ते उचल. मोठमोठे कलावंत तेच करतात. त्याला प्रेरणा म्हणतात, म्हणजे चोरी वाटत नाही. बांध खूणगाठ."

केरबानं तिसरी गाठ मारली, शेजाऱ्याची हातगाडी घेतली आणि टाकळीला गेला. दिवेलागणीला परत आला. हातगाडीत चार पाट्या, खिळ्यांसकट.

"हे काय?" आत्यानं विचारलं.

"प्रेरणा."

"कुणाच्या पाट्या या?"

"ही वकिलांची. ही न्हाव्याची. ही मंगल कार्यालयाची. ही वाचनालयाची. तू म्हणालीस, आवडेल ते उचल. पाचवी पण आवडली होती, पण ती भिंतीत चिणलेली निघाली."

आत्यानं जी बोंब ठोकली, ती खालच्या आळीला ऐकू गेली. केरबानं शांतपणे वाचनालयाची पाटी तिच्यासमोर धरली. "कृपया शांतता राखा."

दुसऱ्या दिवशी तो पाट्या परत लावून आला. अगदी काळजीनं, मापानं लावल्या. जिथं जी पाटी बसली, तिथं ती. मंगल कार्यालयावर लागली शांतता राखा. वरपक्ष आणि वधूपक्ष पहिल्यांदाच न भांडता जेवून उठले. आणि वकिलांच्या दारावर लागलं, "येथे उत्तम हजामत करून मिळेल." लोक थांबून वाचायचे आणि म्हणायचे, चला, कुणीतरी एकदाचं खरं लिहिलं.

असं करता करता रविवार उजाडला. दुसऱ्या दिवशी साहेब येणार. आत्याला मात्र रविवारीच टाकळीला जाऊन प्लास्टर काढून घ्यायचं होतं, रात्री तिथंच बहिणीकडं राहायचं होतं. बैलगाडी जुंपलेली होती. एक पाय गाडीवर ठेवून ती म्हणाली,

"केरबा, नीट ऐक. हे सात पोरींचं काम आहे, तुझ्या हौसेचं नाही. आजवर तू चित्रंच काढलीस, पाटी एक नाही. चित्र आपल्या मनासारखं काढावं. पाटी दुसऱ्याच्या गरजेची. चित्र बघून माणूस थांबतो. पाटी वाचून माणूस चालायला लागतो. एवढाच फरक. कळलं?"

"चित्र बघून थांबतो?"

"थांबतो."

"आणि पाटी वाचून?"

"जातो! आपल्या वाटेनं जातो."

"नक्की, आत्या?"

"तीस वर्षं पाट्याच रंगवतेय मी! बांध खूणगाठ. आणि सोसायटीच्या भिंतीवर दोनच शब्द लिही, विनंती थांबा."

बैलगाडी गेली. केरबानं चौथी गाठ मारली.

मग तो दूध सोसायटीच्या लांबलचक भिंतीपुढं उभा राहिला आणि त्यानं विचार केला. तिथंच घात झाला. पाटी वाचून जातात. चित्र बघून थांबतात. आणि आपल्याला गाडी थांबवायची आहे. आता पाटी लिहील तो मूर्ख!

त्यानं पंच्याच्या गाठी एकेक करून सोडल्या. महत्त्वाचं ते मोठं. महत्त्वाची कोण? गाडी. म्हणून त्यानं गाडीच काढली, खऱ्या गाडीएवढी, लालभडक. जागा सोडायची. म्हणून आतली बाकं मोकळी सोडली. ऐकायचं नाही, डोळ्यांनी बघायचं. म्हणून चाकाचा चिखल काढला, चेपलेला पत्रा काढला, टपावरची कोंबड्यांची डालगी काढली, दारात पाय ठेवून चढणारी म्हातारी काढली. चालवणारा काढला, तोही तंबाखू मळताना. या वेळी त्यानं कुठूनही काही उचललं नाही. डाव्या हातानं पाव खात, उजव्या हातानं रंगवत राहिला.

अंधार पडायच्या आत चित्र पूर्ण झालं. तेवढ्यात दोन परगावचे पाहुणे आले आणि म्हातारीच्या मागं रांगेत उभे राहिले.

सोमवारी सकाळी गाव जमलं. "वा!" सरपंच म्हणाले. "वा!" डॉक्टर म्हणाले. "वा, वा!" गिरणीवाला म्हणाला. पाटी कुठाय, असं एकानं विचारलं नाही. वा म्हणणारी माणसं विचारत नसतात. सात मुली दप्तरं घेऊन भिंतीपाशी उभ्या राहिल्या. सरपंचांनी हार धरला.

वळणावर खरी गाडी दिसली. ड्रायव्हरनं लांबून बघितलं आणि गाडी हळू केली.

"च्यायला, हितं आधीच एक लागलीय."

कंडक्टरनं खिडकीतून डोकं काढलं. "भरतीय ती. माणसंबी चढत्यात. आपण कशाला थांबायचं? चला!"

दोन घंट्या वाजल्या. मुलींनी जीव तोडून हात केले. ड्रायव्हर भला माणूस. त्यानंही हात केला. गाडी गेली. आत पहिल्या बाकावर साहेब बसले होते. त्यांनी वहीत लिहिलं, "बोरखिंड येथे गाडी उभीच असते. बसायला जागाही भरपूर. वेगळ्या थांब्याची आवश्यकता नाही." खाली सही केली.

धूळ बसायला लागली. धुळीतून बैलगाडी पुढं आली. आत्या उतरली, हात मोकळा झालेला. तिनं मुलींच्या तोंडाकडं बघितलं. सरपंचांच्या हातातल्या हाराकडं बघितलं. मग भिंतीकडं. तीस वर्षांत तिला स्वतःला असलं काही जमलं नव्हतं, आणि ते तिला कळत होतं. त्याचाच राग जास्त.

"चित्र झकास झालंय, मुडद्या," ती म्हणाली आणि खाली दगडावर बसली.

"चला गं," मुलींतली एक म्हणाली. "पहिला तास तर बुडालाच." सातजणी चालायला लागल्या.

केरबा धावत आडवा गेला. "अगं, चालत कुठं निघालात? तुमची जागा धरलीय की मी!"

सगळ्यांनी वळून बघितलं. गाडीच्या सात खिडक्यांत, सात बाकांवर, सात रुमाल टाकलेले होते. प्रत्येकावर वेगळी नक्षी. एकाच्या कोपऱ्यात तर शाईचा डागसुद्धा.

आत्या उठली. मोकळ्या झालेल्या उजव्या हातानं तिनं पहिलं काम काय केलं असेल, तर केरबाचा कान धरला. त्याला भिंतीसमोर उभा केला आणि विचारलं, "आणि ही गाडी सुटणार कधी, शहाण्या?"

केरबानं गाडी पुढून मागंपर्यंत न्याहाळली. मागून पुढंपर्यंत न्याहाळली. चाकं बघितली, टप बघितला, दार बघितलं. मग त्यानं कपाळावर हात मारून घेतला. इतक्या दिवसांत त्याला स्वतःची चूक कळली, ती ही पहिलीच.

"चुकलंच गं, आत्या," तो म्हणाला. "कंडक्टर काढायचा राहिला."