भिंतीला फुटलेला घाम

साताऱ्यातल्या एका सोसायटीचे चेअरमन जगदाळे साहेब पोलीस खात्यातून निवृत्त झाले होते, पण त्यांचा दरारा कायम होता. त्यांच्या बाथरूमच्या बरोबर खाली वैजयंतीच्या सासूबाईंची खोली होती. तिथली भिंत ओल धरून काळी पडली होती आणि सासूबाईंचा खोकला काही केल्या हटत नव्हता. वैजयंतीने नवा रंग लावून घेतला, तर त्याचेही पोपडे सुटले.

शेवटी तिने सोसायटीच्या बैठकीत विषय काढला. साहेब मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "माझं बाथरूम ठणठणीत आहे. तुमच्या भिंतीला घाम येतो, बाई. खिडक्या उघड्या ठेवत जा."

नवऱ्याने वैजयंतीला खाली बसायची खूण केली, पण ती बसली नाही.

"घामच असेल, साहेब," ती नम्रपणे म्हणाली. "तुम्ही लेकीकडे पुण्याला गेलात की भिंत सुकायला लागते. परत येऊन आंघोळीला बसलात की तिला दरदरून घाम फुटतो. माणसं तुम्हाला टरकतात हे ठाऊक होतं, भिंतीसुद्धा टरकतात हे आत्ता कळलं!"

बैठकीत हशा पिकला. साहेबांनाही हसू आवरेना. "पाणी माझंच, बाई," ते म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी बाथरूमची फरशी उखडायला लावली. खाली सांडपाण्याच्या पाइपाचा सांधा सुटलेला निघाला. तो पक्का केला, भिंत पुरती वाळू दिली आणि मगच रंग लावला.

आता घरी कोणी आलं, की सासूबाई आधी ती भिंत दाखवतात आणि ताठ मानेने सांगतात, "आमच्या सूनबाईनं पोलिसाकडून कबुली घेतली!"