रत्नमाळ परत आली तेव्हा

होड्या आपसांत आणि माणसांशीही बोलत, त्या काळची गोष्ट. कोकणातल्या एका खाडीत रत्नमाळ नावाची मोठी शिडाची होडी आणि माणसांना पैलतीरी पोचवणारी लहानगी सखू शेजारी राहत. वारा सुटला की रत्नमाळेला खाडी पुरत नसे.

"या खेपेला एडनपर्यंत जाते गं. आले की सगळं सांगेन."

"जा बाई. मी इथंच आहे," सखू म्हणाली.

रत्नमाळेनं एडन पाहिलं, मग झांजिबार. प्रत्येक बंदरात तिला पुढच्या बंदराची ओढ लागे. वादळं, उडते मासे, सारं तिनं सखूला सांगायला मनात जपलं. परतली तेव्हा सात वर्षं उलटली होती आणि सखूच्या जागी नवीच होडी डुलत होती.

"सखू गेल्या साली खडकावर फुटली," ती म्हणाली. "तुम्ही रत्नमाळ ना? उतारू सांगतात, ती त्यांना रोज विचारायची, मोठं शीड दिसतंय का म्हणून. एडन कसं आहे हो?"

तिसऱ्या दिवशी वारा सुटला आणि तिनं शीड उभारलं.

"परत कधी याल?" नव्या होडीनं विचारलं.

"ते मलाही ठाऊक नाही," रत्नमाळ म्हणाली, "पण तू कुणाला विचारत बसू नकोस."