चिमणीवरचा आळ

लई जुनी गोष्ट आहे, माझ्या आज्याच्या आज्यानं ऐकलेली. खडकओहोळ गावात सुभाना नावाचा हाडवैद्य होता. मोडलेल्या हाडावर तो हाडसांधीच्या वेलीचा पाला वाटून लावायचा आणि वर बांबूच्या कांबट्या बांधायचा. हाड सरळ जुळलं की मिशीवर हात फिरवून म्हणायचा, "हात कुणाचा!" वाकडं जुळलं की म्हणायचा, "तू हललास."

धनगरवाड्यातल्या भिवराचा पाय असाच वाकडा जुळला. "पोर हलली," सुभाना म्हणाला. झालं! तिला चुळबुळी नाव पडलं. जिला चार दिवस पडून राहवत नाही ती नांदेल काय, म्हणत सोयरिकी उंबऱ्यावरनं माघारी जायच्या.

एकदा पाला आणताना सुभानाच कड्यावरनं घसरला आणि त्याचा डावा हात मोडला. दुसरा वैद्य कुठला आणायचा? त्यानं उजव्या हातानं आणि दातानं तो बांधला. मग जो पडून राहिला, असं म्हणतात, चिमणीनं त्याच्या हातावर घरटं केलं, अंडी घातली, पिल्लं उडून गेली, तरी हात हलला नाही.

कांबट्या सोडल्या. हात वाकडा!

"पाला शिळा होता," सुभाना म्हणाला. मग म्हणाला, "चिमणीचा भार पडला."

त्याची बायको राहीबाई तोंडाला पदर लावून हसली. "आता चिमणी हलली म्हणा, धनी!"

सुभाना हसला नाही. त्या हाताकडं बघत बसला. बांधणाराही तोच, मोडलेलाही तोच, मग बोट दाखवायचं कुणाकडं?

तो उठला आणि तडक धनगरवाड्यात गेला. भिवराला बघायला पाव्हणे आले होते. त्यांच्यादेखत त्यानं पागोटं उतरवलं.

"ही पोर हलली नव्हती. मीच वाकडं बांधलं. हलली म्हणालो, ते माझं नाव राखायला."

भिवरा लंगडत पुढं आली. "एवढं सांगायला हात मोडावा लागला, बाबा?"

"लागला, पोरी."

पाव्हण्यांनी सुपारी तिथंच फोडली.

असं म्हणतात, पुढं त्या वाकड्या हाताखाली एकही हाड वाकडं जुळलं नाही. मोडल्या पंखाची पाखरं आपसूक त्याच्या अंगणात यायची. पण "हात कुणाचा" हे सुभाना पुन्हा कधी बोलला नाही.

अजून खडकओहोळात कांबट्या बांधणारा आधी मोठ्यानं म्हणतो, "सरळ जुळलं तर तुझं, वाकडं जुळलं तर माझं." मगच गाठ मारतो. आणि गाठ मारून झाली की मूठभर दाणे अंगणात टाकतो, चिमणीला. तिच्यावरही आळ आला होता ना.