किती घरांच्या भाकऱ्या?

लढाईचं तिसरं वर्ष होतं. शिपाई पडला की त्याच्या घरी चूल पेटत नसे, म्हणून प्रधानांच्या पत्नी सगुणाबाई स्वतः पिठलं-भाकरी घेऊन जात.

त्या दिवशी सेनापती रायाजीराव हल्ल्याचा हुकूम शिक्क्यासाठी प्रधानांपुढे ठेवून मिशीवर ताव देत म्हणाले, "उद्या पुन्हा हल्ला! थोडी माणसं जातील, पण गड येईल." मागच्या चारही हल्ल्यांआधी ते हेच बोलले होते.

दाराला टेकून उभ्या सगुणाबाई थकल्या आवाजात म्हणाल्या, "एक विचारू?"

"वहिनीसाहेब, तुम्ही आपलं स्वयंपाकघर बघा."

"तेच बघतेय. दळण आजच करायला हवं. थोडी म्हणजे किती घरांच्या भाकऱ्या थापू?"

सेनापतींचा हात मिशीवरच राहिला. प्रधानांनी हुकूम फाडला.

सगुणाबाई टोपली उचलून निघाल्या. कालच्या हल्ल्यात पडलेल्यांची दोन घरं अजून राहिली होती.