लाडक्याचा पेढा

उंदरांच्या सात पिढ्यांमागची गोष्ट. एका घरात गब्दुल नावाचा जर्बिल, म्हणजे हौसेनं पाळलेला वाळवंटी उंदीर, पिंजऱ्यात राहायचा. वाटीत बाजरी-राळे असायचे, पण येणाराजाणारा "काय बाई कोरडं खातो बिचारा!" म्हणत त्याला पेढा भरवायचा. वाटीतून सांडलेली बाजरी माळ्यावरचा उंदीर चिंगळ्या चोरून खायचा आणि स्वतःच्या नशिबाला बोल लावायचा.

एक दिवस गब्दुल पोट फुगून आडवा झाला. "त्या मेल्या चिंगळ्यानंच रोग आणला!" असं म्हणत मालकीणबाईंनी सापळा लावला आणि आत पेढा ठेवला.

चिंगळ्या सापळ्यापाशी थबकला. "माझ्यासाठी पेढा लावला, ते कळलं," तो पिंजऱ्याकडे पाहत म्हणाला. "पण गब्दुलभाऊ, तू यांचं काय घोडं मारलं होतंस?"