निम्मा झालेला कारखाना

"म्हणजे सोमवारी होता त्याच्या निम्माच कारखाना आज उरलाय. पटतंय ना, चाचा?"

बालेचाँदचाचांनी मान वर केली. आढ्याला वाळत टांगलेले भोपळे पाहिले, भिंतीला टेकलेले दांडे पाहिले.

"सगळं तर इथंच दिसतंय, बाबा. निम्मं काय गेलं?"

सौमित्र हसला. म्हाताऱ्यांना समजावताना हसतात तसा.

मिरजेतला हा तंबोऱ्यांचा छोटा कारखाना. चाचा ऐंशीच्या पुढचे. जवारी, म्हणजे तारेचा गुंजता नाद, काढावी ती त्यांनीच, असं गाणारे म्हणतात. त्यांच्या सुनेनं कारखान्याची कंपनी केली. परदेशातल्या गाणाऱ्यांना सोपं जावं म्हणून तिनं शेअरचा भाव क्रिप्टोत, म्हणजे इंटरनेटवरच्या चलनात ठेवला, एका शेअरला दोन कॉईन. एकूण शेअरांतला पाचवा हिस्सा एकट्या सौमित्रनं घेतला, आणि तीनच दिवसांत कॉईनची किंमत निम्म्यावर आली.

नव्या गुंतवणूकदारांनी भावाबद्दल आपला अभिप्राय आज दुपारी बारापर्यंत कळवायचा होता. सौमित्रचा फोनमध्ये लिहून तयार होता. कॉईन हलला की शेअरचा भाव हलवा, रोज सकाळी. जमत नसेल तर माझे पैसे परत करा.

पैसे परत केले तर कारखान्याला कुलूप लागणार, हे त्यालाही कळत होतं. म्हणून तो आधी चाचांना पटवायला आला होता. आपलं म्हणणं बरोबर आहे, एवढं त्याला कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

"गाणं शिकलायस म्हणं?"

"सात वर्षं."

"मग तंबोरा लावता येत असंल."

"डोळे मिटून लावतो, चाचा."

चाचांनी एक तंबोरा त्याच्यापुढे ठेवला. दुसरा स्वतःच्या मांडीवर घेतला आणि एक तार छेडली.

"हिला तुझी तार मिळव."

सौमित्रनं मिळवली. क्षणात.

चाचांनी पुन्हा छेडली. सूर किंचित उतरला होता. सौमित्रनं आपली तार उतरवली.

पुन्हा. पुन्हा उतरवली.

"चाचा, तुमची खुंटी सरकतेय."

"सरकते, तुझ्या कॉईनसारखी. तू मिळवत राहा."

सौमित्रही हट्टाला पेटला. त्यांचा सूर उतरला की त्याचा उतरे. शेवटी दोन्ही तारा पायजम्याच्या नाडीसारख्या सैल पडल्या.

"मिळाली?"

"मिळाली..." त्यानं तार छेडली. नुसतं फट्ट झालं. "पण वाजत नाही."

चाचांनी मांडीवरचा तंबोरा बाजूला ठेवला.

म्हणाले, "आता सा लाव."

"कशाला मिळवून?"

"कशालाच नाही. तुझ्या गळ्यातला."

सौमित्रनं सा लावला. आधी तो हलला. मग बसला.

चाचांनी त्याच्यापुढचा तंबोरा ओढून घेतला. चारही तारा त्या साच्या हिशेबानं लावल्या. तारा टेकतात त्या घोडीवर प्रत्येक तारेखाली दोरा सरकवला. थोडा पुढे... थोडा मागे... आणि थांबले.

मग छेडलं.

आवाज तारेतून आला असं सौमित्रला वाटलंच नाही. तो फरशीतून आला, भिंतीतून आला, त्याच्याच बरगड्यांतून आला. आणि त्या चार तारांच्या वर आणखी एक सूर होता. गांधार. तो कुठल्याच तारेवर नव्हता, कुणी छेडला नव्हता, आणि तरी लख्ख ऐकू येत होता.

"ऐकू येतोय ना?" असं त्याचे गुरुजी सात वर्षं विचारायचे. "येतोय," असं तो सात वर्षं खोटं सांगत आला होता.

त्याचे हात आपोआप जोडले गेले. डोळे भरून आले, तेही त्याला उशिरानं कळलं.

चाचा वाजवत राहिले...

तंबोरा थांबला तेव्हा फोन थरथरला. बाराला आठ मिनिटं होती. सौमित्रनं आपण लिहिलेलं एकदा वाचलं आणि सगळं पुसून टाकलं. कोऱ्या पडद्यावर त्याचा अंगठा तसाच राहिला.

"चाचा... मग अभिप्राय काय लिहू?"

चाचा भोपळ्यावरची धूळ पुसत होते.

"मघाशी तंबोरा ऐकताना भाव विसरून गप्प झाला होतास ना... तेच लिही."